गाडीची उचकी: गिअर बदलताना बसणाऱ्या झटक्याचा शोध

२३ जून २०२४ च्या रविवारी आम्ही बुटीबोरीहून नागपूरला परतत होतो. दुपारी एक जोरदार सर येऊन गेली होती, रस्ते ओले होते, आणि वर्धा रोडवरील दुमजली उड्डाणपुलाच्या चढाला लागताच गाडीने एक बारीकसा झटका दिला. मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "गाडीला उचकी लागली का गं? कोणीतरी आठवण काढली असेल." मी हसून सोडून दिले. पुढच्या चार दिवसांत हीच उचकी सहा वेळा लागली, आणि प्रत्येक वेळी गाडी वरचा गिअर टाकत असतानाच लागली, तेव्हा हसणे थांबले.

आमची गाडी म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये घेतलेली, सहा गिअरची ऑटोमॅटिक पेट्रोल सेडान. जूनमध्ये तिचे ७१,४०० किलोमीटर झाले होते. मी धरमपेठेत राहते आणि मिहानमधील एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते, त्यामुळे रोजचे येणेजाणे सुमारे तीस किलोमीटरचे, आणि तेही ठरलेल्या एकाच रस्त्याने. यंत्रातले मला काहीही कळत नव्हते. मात्र हिशेबनीस असल्यामुळे वही ठेवण्याची सवय होती, आणि पुढे सर्वांत जास्त उपयोग त्या वहीचाच झाला. अशाच झटक्याने हैराण झालेल्या कोणाला तरी वाट सापडावी म्हणून तीच वही समोर ठेवून हे लिहीत आहे.

वहीतील पहिली नोंद अशी आहे: वेग ताशी पन्नासच्या आसपास, इंजिन तापलेले, एसी चालू, पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर. टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा, काटा २,३०० वरून १,५५० पर्यंत खाली येतो आणि तिथे स्थिरावतो न स्थिरावतो तोच कोणी मागून ओढणी धरून ओढावी तसे एकदा-दोनदा होते. मग गाडी पुन्हा सुरळीत. सकाळी थंड इंजिनावर, सपाट रस्त्यावर काही होत नाही.

१ जुलैला सकाळी छत्रपती चौकाजवळ चेक इंजिनचा पिवळा दिवा सात-आठ सेकंद उघडझाप करून मग स्थिर झाला. मी तशीच मिहानला गेले, संध्याकाळी तशीच परत आले, आणि तीन दिवस तेच केले. ही माझी चूक होती. स्थिर दिव्याचा अर्थ दोष नोंदला गेला आहे, सवडीने दाखवा, असा असतो. उघडझाप करणाऱ्या दिव्याचा अर्थ मात्र या क्षणी इंजिनात इतके पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे की ते पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळेल आणि तो जास्त तापून निकामी होऊ शकेल, असा असतो. दिवा उघडझाप करू लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करावा, चढ आणि ओव्हरटेक टाळावे, आणि ती थांबली नाही तर गाडी बाजूला घ्यावी. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात हे एका चौकटीत छापलेले आहे. ते पुस्तक सात वर्षे ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या वेष्टनासह सुरक्षित होते.

४ जुलै, गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. सकाळी साडेनऊला टोकन मिळाले आणि सव्वाअकराला सर्व्हिस ॲडव्हायझर समोर आला. त्याने काय होते असे विचारले तेव्हा मी म्हणाले, "गिअर बदलताना झटका बसतो." जॉब कार्डवर त्याने तेवढेच लिहिले, आणि गाडी त्या एका वाक्याच्या जोरावर थेट गिअरबॉक्स पाहणाऱ्या माणसाकडे गेली. मी निदान करून गेले होते, लक्षण सांगितलेच नव्हते. 'तापलेल्या इंजिनावर, चढावर, १,५०० ते १,७०० आरपीएमच्या दरम्यान झटका बसतो आणि एकदा चेक इंजिन दिव्याने उघडझाप केली' असे मी लिहून घ्यायला लावले असते, तर कदाचित पुढचे दोन महिने वाचले असते. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी तक्रारीचा रकाना वाचावा. तो आपल्या शब्दांत भरून मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुपारी तीनला निकाल मिळाला. स्कॅनरवर पी०३०० हा कोड आला होता, म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट न ठेवता नोंदलेला मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे). गिअरबॉक्समधील व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे गिअर बदलण्यासाठी तेलाचा दाब वळवणारा भाग, खराब झाली असून तिच्या धक्क्यांमुळे इंजिनाला मिसफायरचा भास होत आहे, असे मला सांगण्यात आले. खरे तर ॲडव्हायझर हे सगळे माझ्या नवऱ्याकडे पाहून सांगत होता, जो केवळ मला घ्यायला आला होता आणि ज्याला ऑटोमॅटिक गाडी चालवण्याचाही कंटाळा आहे. एस्टिमेट १,१८,००० रुपयांचे होते आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. स्कॅनिंगचे ६५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ७६७ रुपये भरून मी गाडी परत आणली.

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. इंजिनाच्या संगणकाला सिलिंडरच्या आत काय घडते ते दिसत नाही. तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्याची गती मोजत असतो, आणि एखाद्या ठिणगीच्या वेळी अपेक्षित जोर मिळाला नाही, गती किंचित घसरली, की तो मिसफायर मोजतो. त्यामुळे खडबडीत रस्ता किंवा गिअरबॉक्सचा जोराचा धक्का यांमुळेही त्याची फसगत होऊ शकते. अडचण अशी की त्यांनी कोड पुसून टाकला होता, आणि कोडबरोबर त्या क्षणाची नोंद, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तीही पुसली गेली होती. स्कॅन अहवालाची छापील प्रत पुसण्याआधीच मागावी. मी ती नंतर मागितली तेव्हा ईमेल, आरसीची प्रत आणि जॉब कार्डचा क्रमांक पाठवून सहा दिवस थांबावे लागले, आणि आलेल्या कागदावर फक्त कोड होता.

८ जुलैला मी ब्लूटूथवर चालणारा ओबीडी रीडर मागवला. किंमत १,१५० रुपये, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवरील ॲपला गाडीची माहिती देतो. गाडी उभी करताना तो काढून ठेवावा, नाहीतर बॅटरी उतरण्याची शक्यता असते.

मधल्या काळात एक गमतीची फसवणूक झाली. गाडीच्या पीयूसीची मुदत १२ जुलैला संपत होती, म्हणून पंपाजवळच्या केंद्रावर १२५ रुपये भरून तपासणी केली. हायड्रोकार्बन ७४ पीपीएम आले. आमच्या बीएस-४ गाडीसाठी मर्यादा २०० ची आहे. पेट्रोल न जळता बाहेर पडत असेल तर हा आकडा वाढायला हवा, तो वाढलेला नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि दोन दिवस व्हॉल्व्ह बॉडीसाठी मुदत ठेव मोडण्याचा विचार करत बसले. ही तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते, आणि आमच्या गाडीचा दोष फक्त भार पडल्यावर दिसत होता, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

१७ जुलैला आषाढी एकादशीची सुट्टी होती. त्या दिवशी संध्याकाळी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ चढताना दिवा पुन्हा लागला, आणि या वेळी कोड माझ्या हातात होते: पी०३०० आणि पी०३०३. दुसऱ्या कोडमधील शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम १,६४०, वेग ५२, इंजिनाचे तापमान ९१ अंश आणि भार ८२ टक्के असे होते. या ओळीकडे मी बराच वेळ पाहत राहिले. आरपीएम कमी आणि भार जास्त. सायकलवर जड गिअर टाकून चढ चढताना जसे होते, तसे.

येथे थोडे थांबून सांगते, कारण हे उमगल्यावर पुढचा रस्ता दिसला. गाडी वरचा गिअर टाकते तेव्हा इंजिनाचा वेग एकदम खाली येतो, पण आपला पाय आहे तिथेच असतो, आणि गाडीला ओढायचे वजनही तेवढेच असते. म्हणजे प्रत्येक स्फोटावर जास्त जोर पडतो. त्यातच टॉर्क कन्व्हर्टर, जो एरवी तेलाच्या माध्यमातून इंजिनाची शक्ती पुढे देतो आणि बारीकसारीक धक्के गिळून टाकतो, तो साधारण याच वेगाला 'लॉक' होतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातील तेलाची गादी निघून जाते. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल ठासून भरलेले असते, दाब वाढलेला असतो, आणि दाब जितका जास्त तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतो. प्लग किंवा त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल थोडी जरी कमकुवत असेल, तरी ती रिकाम्या इंजिनावर निभावून नेते आणि नेमकी या अर्ध्या सेकंदात हार खाते. झटका गिअर बदलण्याच्या क्षणी बसतो तो असा. तेवढ्यावरून दोष गिअरबॉक्सच्या माथी मारता येत नाही.

अर्थात हे झाले तर्क. तो तपासण्यासाठी २१ जुलैच्या रविवारी सकाळी मी, नवरा आणि नववीत शिकणारा मुलगा मिहानमधील रुंद, मोकळ्या रस्त्यांवर गेलो. गाडी मी चालवत होते आणि मोबाइल मुलाच्या हातात होता. चालवणाऱ्याने मोबाइल पाहू नये.

पहिली चाचणी गिअर धरून ठेवण्याची होती. लिव्हर मॅन्युअलवर घेऊन चौथा गिअर कायम ठेवला, वेग १,५०० आरपीएमपर्यंत खाली आणला आणि ॲक्सिलरेटर हळूहळू अर्ध्यापर्यंत दाबला. पूर्ण दाबला तर गाडी स्वतःच खालचा गिअर टाकते, म्हणून अर्ध्यापर्यंतच. झटका बसला. एकदा नव्हे, तीन वेळा, आणि गिअर एकदाही बदलला नव्हता. मग तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये, जास्त आरपीएमवर धरला. गाडी लोण्यासारखी गेली.

दुसऱ्या चाचणीने मात्र गोंधळात टाकले. झटका चालू असताना डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करायचा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक सुटते. झटके त्यामुळे थांबले तर दोष कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा, असे सगळीकडे लिहिलेले असते. आमचे झटके जवळजवळ थांबले. नवरा म्हणाला, "घ्या, म्हणजे गिअरबॉक्सच." मलाही तसेच वाटून पोटात गोळा आला. घरी येऊन विचार केल्यावर लक्षात आले की लॉक सुटताच इंजिनाचा वेग दीडदोनशे आरपीएमने वाढतो, भार हलका होतो आणि तेलाची गादी परत येते, म्हणजे इंजिनाचा मिसफायरही त्याच उपायाने कमी जाणवणार. ही चाचणी एकटी निर्णायक नाही. तिच्यावर विसंबून कोणी गिअरबॉक्स उघडायला सांगत असेल, तर निदान एक प्रश्न विचारावा: कोणत्या सिलिंडरचे किती मिसफायर मोजले?

कारण तो आकडा मिळतो. ओबीडीमध्ये 'मोड ०६' नावाचा एक विभाग असतो. तेथे प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी वेगळी ठेवलेली असते, दिवा लागण्याइतकी ती वाढली नसली तरीही. रविवारच्या फेरीनंतर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून मुलाने ते पान उघडले आणि वाचून दाखवले, "आई, एक नंबर शून्य, दोन नंबर एक, तीन नंबर सत्तेचाळीस, चार नंबर शून्य." गिअरबॉक्सचा धक्का सगळ्या क्रँकशाफ्टला बसतो, तो दर वेळी चारांतून तिसरा सिलिंडर निवडून काढणार नाही. मी वहीत ४७ ला गोल केला.

आता प्रश्न कॉइलचा की प्लगचा की पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा, एवढाच उरला होता. २७ जुलैला शनिवारी मी मानेवाडा रोडवरील एका लहान गॅरेजमध्ये गेले. तेथील मिस्त्री साठीच्या घरातले, एका वेळी दोनच गाड्या हाती घेणारे. माझी वही त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, आणि एवढ्यानेच मला निम्मे बरे वाटले. मग म्हणाले, "ताई, गाडी मिसिंग करून राहिली जी. गिअर बिचारा नुसता बदनाम होऊन राहिला." मिसफायरला गॅरेजांत मिसिंगच म्हणतात. मी सर्व्हिस सेंटरमध्ये हा शब्द वापरला असता तर, असा विचार तेव्हाही मनात येऊन गेला.

त्यांनी कोणताही भाग विकत घ्यायला सांगितले नाही. तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदलल्या, ३०० रुपये घेतले आणि म्हणाले, "चार दिवस चालवा अन् मंग आकडे घेऊन या. आकडा दोनवर गेला तं कॉइल, तीनवरच राहिला तं दुसरं काही." ३१ जुलैला आकडे पाहिले. तिसऱ्यावर ३९, दुसऱ्यावर २. म्हणजे कॉइल निर्दोष. निदान तेव्हा तरी आम्ही दोघांनी तसेच मानले.

३ ऑगस्टला प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मिस्त्रींनी कापडावर ठेवून माझ्यासमोर धरला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर, वरपासून खालच्या षटकोनी लोखंडापर्यंत, पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. नखाने खरवडली तरी निघेना. फिलर गेजने मोजलेली फट १.४ मिलिमीटर भरली, गाडीच्या पुस्तकात ती १.१ दिली आहे. फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, आणि तो व्होल्टेज सोपी वाट शोधतो. चिनी मातीवरची ती रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली चोरवाट होती: सिलिंडरच्या आत न उडता ती बाहेरूनच लोखंडात उतरत होती. पावसाळी दमट हवेत ही वाट आणखी सोपी होते, आणि पहिला झटका पहिल्या मोठ्या सरीनंतर का बसला, याचे तेवढे कारण मला पुरेसे वाटते.

घाट रोडवरून चार नवे प्लग आणले, प्रत्येकी ६२० रुपये. बसवण्याची मजुरी ४०० रुपये. इंजिन गार झाल्याशिवाय प्लग काढू नयेत आणि बसवताना टॉर्क रेंच वापरावा, हा त्यांचा आग्रह मला आवडला. जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मी नंतर काढून पाहिल्या. सात वर्षांच्या कागदांवर प्लगचा रकाना एकदाही भरलेला नव्हता, आणि मीही तो कधी पाहिला नव्हता.

त्यानंतरचे सतरा दिवस गाडी नवी असल्यासारखी चालली. फक्त पहिले दोन-तीन दिवस गिअर किंचित कडक पडत होते. मिस्त्री म्हणाले की इंजिनाच्या खोडीप्रमाणे गिअरबॉक्सच्या संगणकाने आपले दाब जुळवून घेतलेले असतात, ते पुन्हा जुळायला थोडे किलोमीटर द्यावेत. दोनेकशे किलोमीटरनंतर ते आपोआप मऊ झाले. मी ओबीडी रीडर कपाटात ठेवून दिला.

२० ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, त्याच उड्डाणपुलावर, उचकी. मला अक्षरशः रडू आले. संध्याकाळी रीडर जोडला: पी०३०२. तिसरा सिलिंडर शून्यावर होता आणि दुसरा ५२ वर. आधी मला वाटले की गाडी माझी चेष्टा करते आहे. मग वही चाळताना २७ जुलैची ओळ समोर आली: 'कॉइल २ आणि ३ आपसांत बदलल्या.' प्लग बदलताना कॉइल काढल्या गेल्या होत्या, पण परत त्याच अदलाबदल केलेल्या जागी बसवल्या होत्या. मूळची तिसऱ्याची कॉइल आता दुसऱ्यावर होती, आणि आजार तिच्यामागोमाग तिकडे गेला होता, फक्त तीन आठवडे उशिरा.

२४ ऑगस्टला मिस्त्रींनी ती कॉइल काढून तिचे रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी नळी, उभे चिरले. आत चिनी मातीवर होती तशीच काळी रेघ, आणि रबर बोटाने दाबले तर च्युइंगमसारखे मऊ. प्लगवर एकदा अशी रेघ पडली की तिची जोडीदार बुटात उमटते, आणि तेच बूट नव्या प्लगवर चढवले तर काही दिवसांत त्याच्यावरही रेघ पाडते. दुसऱ्या सिलिंडरच्या जुन्या प्लगची माती स्वच्छ होती आणि तो बदलाबदलीनंतर जेमतेम आठवडाभर या बुटाखाली होता, म्हणून जुलैमध्ये तिथे काही दिसले नाही. रबर मऊ कशाने झाले, याचे उत्तर तिसऱ्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल खाचेत, टॉर्च मारल्यावर मिळाले. तळाशी बोटाच्या पेराएवढे इंजिन ऑइल साचले होते. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग आणि त्यातील प्लगच्या नळ्यांची सील वयाने कडक होऊन झिरपत होती. "तवाच पाहायले पाहिजे होतं मी," मिस्त्री म्हणाले. प्लग काढण्याआधी त्यांनी विहीर हवेने उडवून स्वच्छ केली होती, ओल तेव्हाही असणारच, आणि ती पावसाची आहे असे समजून आम्ही दोघांनी सोडून दिली होती. चूक कबूल करणारा मिस्त्री मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला.

सील स्थानिक दुकानांत मिळाली नाहीत. मागणी नोंदवून ५०० रुपये आगाऊ भरले, आणि पाच दिवस सांगून ती आठ दिवसांनी, १ सप्टेंबरला आली. तोपर्यंत मी मेट्रोने गेले. २ सप्टेंबरला पोळा होता, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, त्यामुळे गॅरेज दोन्ही दिवस बंद. ती जुनी कॉइल मिस्त्रींनी मला परत देऊ केली तेव्हा मी नको म्हणाले. "मंग मारबतीसंग पाठवतो," ते म्हणाले, "इडा पिडा, कॉइल-प्लग, घेऊन जा गे मारबत!"

४ सप्टेंबरला काम झाले. टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि सील १,६८० रुपये, एक कॉइल बुटासह २,९५०, उरलेल्या तीन कॉइलची बुटे प्रत्येकी २२०, दुसऱ्या सिलिंडरसाठी पुन्हा एक प्लग ६२०, मजुरी १,५००. स्कॅनिंग, रीडर आणि आधीची कामे धरून सगळा खर्च १२,५०७ रुपये झाला. पीयूसी मी यात धरलेली नाही, ती तशीही करावीच लागली असती. दोन फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत, कॉइल काढल्याबरोबर बुटाच्या आत टॉर्च मारून पाहिले असते, तर यातले हजारभर रुपये आणि महिन्याभराची चिंता वाचली असती. बूट उलटे धरून आत पाहायला एक मिनिट लागते.

सर्व्हिस सेंटरच्या ग्राहक विभागाला मी जुना स्कॅन अहवाल, मोड ०६ च्या पानांची चित्रे आणि चिरलेल्या बुटाचा फोटो असा सविस्तर ईमेल पाठवला. पैसे परत मागितले नाहीत. पी०३०० आल्यावर प्लग काढून पाहण्याची पायरी एस्टिमेटच्या आधी का घेतली गेली नाही, एवढेच विचारले. नऊ दिवसांनी उत्तर आले की माझी सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. उत्तर असमाधानकारक वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मी अजून त्यावर फोन केलेला नाही.

७ सप्टेंबरला गणपती होते. महालातील चितारओळीतून मूर्ती घेऊन निघालो तेव्हा सासूबाई मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या आणि गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगत होती. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर गाडीने तिसरा टाकला, मग चौथा, आणि काटा दोन्ही वेळा सरळ खाली येऊन स्थिरावला. घरी पोहोचल्यावर, आरतीच्या आधी, मुलगा खाली जाऊन आकडे पाहून आला. चारही सिलिंडर शून्य.

गिअरबॉक्सचे तेल अजून मूळचेच आहे आणि ते बदलायला हवे, असे मिस्त्रींचेही मत पडले. मी ते त्याच दिवशी उरकून घ्या म्हणाले, तर त्यांनी नकार दिला: दोन्ही कामे एकदम केली आणि पुन्हा काही झाले, तर कशामुळे झाले ते कळणार नाही. म्हणून हजार किलोमीटर होऊ देऊन ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारची वेळ घेतली आहे.